रेडियम, ट्रिटियम आणि 'ओरिजिनल' नावाची भानगड

आपल्याकडे अंधारात चमकणाऱ्या कुठल्याही गोष्टीला सरसकट 'रेडियम' म्हणतात. बाइकच्या नंबरप्लेटवर रेडियम, ट्रकच्या मागे 'हॉर्न ओके प्लीज' रेडियममध्ये, आणि चौकात हे सगळं कापून चिकटवून देणारा तो 'रेडियमवाला'. बिचाऱ्याच्या दुकानात रेडियमचा एक कणही नसतो, आणि नसतो तेच बरं. आजोबांच्या तरुणपणी मात्र 'रेडियमचं घड्याळ' म्हटलं की त्यात खरोखरचं रेडियम असायचं.

तर आजचा विषय त्या चमकणाऱ्या ठिपक्यांचा. जुन्या, महागड्या डायव्हिंग घड्याळांच्या डायलवरचे ठिपके आणि काट्यांच्या पोकळीत भरलेला लेप (ह्याला 'ल्यूम' म्हणतात) बदललेला असेल तर ते घड्याळ ओरिजिनल राहतं का? वीकेंडला ह्याला दुसरा उद्योग नाही का, असं वाटलं असेल तर जरा थांबा. आपल्याच वयाची, आपल्यासारखीच आयटीत राबणारी मंडळी हल्ली एका बऱ्या गाडीइतके पैसे अशा घड्याळांवर घालतात, आणि त्यातले लाख-दोन लाख तरी निव्वळ ह्या ठिपक्यांच्या रंगाचे असतात. आणि हो, त्यांना सेकंडहँड म्हणायचं नाही, 'प्री-ओन्ड' म्हणायचं :-)

माझं मत आधीच सांगून टाकतो. ल्यूम बदलणं हा गुन्हा नाही. बदललेला ल्यूम न बदलल्यासारखा दिसावा म्हणून मेहनत घेणं ही फसवणूक आहे. आणि सध्याचा बाजार ह्यातल्या पहिल्याला शिक्षा करतो आणि दुसऱ्याला बक्षीस देतो.

आता जरा तपशिलात जाऊ, कारण गंमत तपशिलातच आहे.

डायव्हिंग घड्याळ हे मुळात दागिना नव्हे, अवजार. पाण्याखाली अंधार असतो, आणि किती मिनिटं झाली हे कळलं नाही तर माणूस जिवाला मुकतो. म्हणून ल्यूम ही तिथे सजावट नाही, ते घड्याळाचं काम आहे. पानेराई कंपनीची 'रेडियोमीर' आणि 'ल्युमिनॉर' ही प्रसिद्ध नावं तर मुळात घड्याळांची नाहीतच, ती चमकणाऱ्या लेपांची नावं. डायव्हिंग घड्याळांसाठी जे आयएसओ ६४२५ नावाचं मानक आहे, त्यात पूर्ण अंधारात २५ सेंटिमीटरवरून वेळ वाचता आली पाहिजे अशी अटच आहे. ब्लांपाँचं 'फिफ्टी फॅदम्स' आणि रोलेक्सचं 'सबमरीनर', ह्या दोन्ही घराण्यांचा जन्म १९५३ चा. सुरुवातीच्या सबमरीनरमध्ये रेडियम होतं. १९६० च्या दशकापासून ट्रिटियम आलं, ते साधारण १९९८ पर्यंत चाललं. मग आलं ल्युमिनोव्हा, पाठोपाठ सुपर-ल्युमिनोव्हा, आणि २००८ पासून रोलेक्सचं स्वतःचं निळं क्रोमालाइट.

रेडियम का गेलं हे वेगळं सांगायला नको, पण सांगतोच, कारण पुढे लागणार आहे. अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या ऑरेंज गावात युनायटेड स्टेट्स रेडियम कॉर्पोरेशनच्या कारखान्यात तरुण मुली डायल रंगवायच्या. ब्रशला टोक यावं म्हणून तो ओठांत धरायचा, असं त्यांना शिकवलं होतं. निरुपद्रवी आहे असं सांगितलं होतं. त्यांच्या जबड्याची हाडं सडली. १९२७ मध्ये त्यांच्यापैकी पाच जणींनी खटला भरला, १९२८ मध्ये तडजोड झाली. तोवर काही मैत्रिणी गेल्याही होत्या.

रेडियमचं अर्धायुष्य १६०० वर्षांचं. (बारावीला पाठ केलेलं आठवतंय ना?) तरीही जुनी रेडियमची घड्याळं आज चमकत नाहीत. कारण चमक रेडियमची नसतेच. चमकतं ते त्याच्यात मिसळलेलं झिंक सल्फाइड, आणि रेडियमच्या सततच्या माऱ्याने ते काही वर्षांत थकून जातं. म्हणजे दिवा विजलेला, पण करंट चालू! ट्रिटियमचं उलट. त्याचं अर्धायुष्य फक्त १२.३ वर्षं, किरण इतके दुबळे की घड्याळाची काच ओलांडत नाहीत. ल्युमिनोव्हाचा तर मामलाच निराळा. जपानच्या नेमोतो कंपनीने १९९३ मध्ये काढलेलं हे स्ट्रॉन्शियम अल्युमिनेट स्वतः काहीच किरणं सोडत नाही. उजेड पितं आणि अंधारात परत करतं.

आता खरी गोष्ट. ट्रिटियमच्या काळात डायलच्या अगदी खालच्या कडेला, सहाच्या आकड्यापाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेलं असायचं: 'स्विस - टी < २५'. टी म्हणजे ट्रिटियम, आणि २५ मिलिक्युरीपेक्षा कमी. ट्रिटियम गेल्यावर काही काळ नुसतं 'स्विस' आलं, मग 'स्विस मेड'. म्हणजे डायलवर काय फासलंय हे डायल स्वतःच सांगते. गोळ्यांच्या पाकिटावर छापतात तसं, आत काय आहे त्याचं लेबल.

ह्या लेबलावरून माझ्या एका मित्राची गोष्ट. २०२५ च्या दिवाळीच्या आसपास त्याचा बोनस आला होता, आणि त्याला एका विक्रेत्याने सबमरीनर ५५१३ दाखवलं होतं. तारीख नसलेलं, साधं, देखणं मॉडेल, १९६२ ते १९८९ चाललेलं. हे घड्याळ १९७८ चं असल्याचं सांगितलं होतं. डायलवर टी < २५ आहे, ठिपके छान दुधाळ पिवळे, काटे अगदी त्याच रंगाचे. दोन दिवस हातात घालून बघा म्हणून दिलं होतं. हा मला ऑफिसच्या बेसमेंट पार्किंगमध्ये घेऊन गेला, दिव्यापासून लांब, आणि मनगट पुढे केलं.

"बघ! सत्तेचाळीस वर्षांचं घड्याळ, अजून चमकतंय. ह्याला म्हणतात क्वालिटी."

चमकत होतं खरं. हिरवंगार.

मी मोबाइलवर गणित करून दाखवलं. ४७ भागिले १२.३, म्हणजे ३.८ अर्धायुष्यं. उरलेलं ट्रिटियम शेकडा सात. आणि तेवढ्यावर चमकवायला ज्याच्यावर मारा व्हायचा ते झिंक सल्फाइडही म्हातारं झालेलं. म्हणजे १९७८ ची ट्रिटियमची डायल अशी चमकत असेल, तर ती क्वालिटी नाही, तो पुरावा आहे. कुणीतरी मूळ लेप खरवडून काढलाय, नवीन लावलाय, त्यात रंग कालवून तो म्हातारा दिसेल असा केलाय, आणि खालचं टी < २५ तसंच ठेवलंय.

मित्राने विक्रेत्याला फोन केला. तो म्हणाला, "सर, सर्व्हिस झालंय ना, म्हणून चमकतंय." कबुली म्हणावी तर कबुली, नाही म्हणावी तर नाही. बरं, मग किंमत? तो खाली यायला तयार होता, चांगलाच खाली. पण बिलावर 'डायल आणि काट्यांचा ल्यूम नंतर लावलेला' एवढी एक ओळ लिहून द्या म्हटल्यावर, "असं बिलावर कुणी लिहीत नाही सर." मित्राने घड्याळ परत केलं. पैसे सोडायची तयारी आणि लिहायची नाही, ह्याचा अर्थ उघड आहे. त्याला पुढचं गिऱ्हाईक दिसत होतं.

असो. तर माझा मुद्दा हा की इथे 'मूळ पदार्थ की नवा पदार्थ' असा प्रश्नच नाहीये. तो प्रश्न फार जुना आहे. नागसेनाने मिलिंद राजाला विचारलं होतंच की, चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का. त्या वाटेने गेलं तर आपण संध्याकाळपर्यंत परत येणार नाही. घड्याळाचा प्रश्न त्याहून सोपा आहे. डायलवर जे लिहिलंय ते खरं आहे का? 'टी < २५' लिहिलेल्या डायलवर सुपर-ल्युमिनोव्हा फासलं की डायल खोटं बोलायला लागते. मग ते काम कितीही सुबक असो.

ह्याच्या शेजारी 'सर्व्हिस डायल' ठेवून बघा. तुम्ही जुनं सबमरीनर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला दिलंत की वर्षानुवर्षं रिवाज असा, की म्हातारी डायल आणि काटे काढून नवे बसवायचे. त्यांच्या दृष्टीने बरोबरच आहे. ते अवजार दुरुस्त करतायत. १९७८ च्या घड्याळावर मग नव्या ल्यूमची डायल येते, आणि तिच्यावर 'टी < २५' नसतं, 'स्विस' किंवा 'स्विस मेड' असतं. थोडी माहिती असलेला कुणीही भिंगातून बघून सांगेल की ही नंतरची. ती लपत नाही. आपल्या भाषेत, सर्व्हिस डायल म्हणजे नवा कमिट, लॉगमध्ये तारखेसकट दिसणारा. वय चढवलेला ल्यूम म्हणजे हिस्टरी बदलून, मागची तारीख टाकून, दुसऱ्याच्या नावाने केलेला फोर्स-पुश.

आणि संग्राहक काय करतात? सर्व्हिस डायल म्हटलं की नाक मुरडतात. 'आत्मा गेला' वगैरे. किंमत पाडतात. मग ज्याच्याकडे सर्व्हिस डायलवालं घड्याळ आहे तो काय करणार? कुठून तरी एक खराब झालेली टी < २५ वाली डायल मिळवणार, तिच्यावर दुधाळ रंगाचे ठिपके काढून घेणार, आणि घड्याळ 'ओरिजिनल' करून जास्त किमतीला विकणार. म्हणजे प्रामाणिक बदल काढून तिथे अप्रामाणिक बदल बसवायला बाजारच पैसे देतो. सेकंडहँड गाडीच्या बाबतीत आपल्याला हे लगेच कळतं. इंजिनचं काम झालंय असं सांगून विकलेली गाडी वेगळी, आणि मीटर मागे फिरवून विकलेली वेगळी. पहिलीचं आपण काय काय झालंय ते विचारतो, दुसरीच्या मालकाला शिव्या घालतो. घड्याळांत मात्र मीटर सफाईने फिरवलेलं असेल तर त्याला 'सुंदर पॅटिना' म्हणतात.

"पण जुन्या लेपाचं वय, तो रंग, तो परत मिळत नाही," असं कुणी म्हणेल. अगदी मान्य! म्हणूनच माझ्या हातात मूळ ल्यूमचं घड्याळ आलं तर मी त्याला हात लावणार नाही, मग ते अंधारात ठार आंधळं का असेना. त्या घड्याळाने आता समुद्रात जायचं नाहीच आहे. (जायचं असेल तर नवं घ्या, आयएसओवालं.) दमट हवेत काळवंडलेला ल्यूम, तिजोरीत पडून पिवळा झालेला ल्यूम, सगळे वेगवेगळे दिसतात, आणि ती त्या घड्याळाची खरी नोंद असते. मला तो रंग आवडतो. नव्या घड्याळांसाठीही 'ओल्ड रेडियम' नावाचा मुद्दाम पिवळट सुपर-ल्युमिनोव्हा मिळतो, त्यालाही माझी हरकत नाही, कारण नवं घड्याळ 'मी नवं आहे' हे लपवत नाही. जीन्स फाटकी विकत घेण्यातला प्रकार आहे तो, चालायचंच.

बदललेल्या डायलचाही मान राहू शकतो ह्याचं चांगलं उदाहरण ब्रिटनमधलं आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस बारा कंपन्यांनी ब्रिटिश सैन्यासाठी मनगटी घड्याळं बनवली होती. संग्राहक त्यांना 'डर्टी डझन' म्हणतात. पुढे संरक्षण खात्याने त्यातल्या बऱ्याच घड्याळांच्या रेडियमच्या डायल्स काढून ट्रिटियमच्या बसवल्या, आणि वर्तुळात टी छापलं. आज हौशी मंडळी त्यांना 'एमओडी डायल' म्हणतात आणि तसंच सांगून विकतात-घेतात. कारखान्यातून निघालेली डायल जास्त मोलाची, हे खरं. पण बदललेलीला कुणी खोटी म्हणत नाही, कारण बदल कुणी केला, का केला, हे तिच्या अंगावर छापलेलं आहे.

उलट उदाहरण आपल्या घरचं. जुनी एचएमटी आणि फाव्र-ल्यूबा घड्याळं भडक नव्या रंगाच्या डायल्स चढवून जगभर विकली जातात, आणि परदेशातले संग्राहक त्यांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात. कौतुकाने नव्हे. फाव्र-ल्यूबाचं मुंबईशी नातं १८६५ पासूनचं, ह्या कंपनीने १९६० च्या दशकात डायव्हिंग घड्याळंही काढली होती, आणि आपल्या शहराचं नाव चिकटलं ते ह्या रंगरंगोटीला. मला ह्याचं वाईट वाटतं, पण त्यातही एक फरक करायला हवा. पूर्वी लोक घड्याळजीकडून डायल रंगवून घ्यायचे ते स्वतःच वापरण्यासाठी. डाग पडलाय, आकडे दिसत नाहीत, लग्नाला जायचंय, दे रंगवून. त्यात फसवणार कुणाला? तोच ब्रश, तोच रंग, पण नंतर 'न वापरलेलं, जुन्या स्टॉकमधलं' म्हणून परदेशी पाठवलं की त्याचं नाव बदलतं.

आणि हे फक्त नवशिक्यांना गंडवण्यापुरतं नाही बरं का. २०२१ च्या नोव्हेंबरात जिनीव्हात फिलिप्सच्या लिलावात ओमेगाचं एक जुनं स्पीडमास्टर, तपकिरी पडलेल्या डायलचं, ३१ लाखांहून जास्त स्विस फ्रँकला गेलं. घेणारं कोण, तर ओमेगाचंच म्युझियम! २०२३ मध्ये कंपनीनेच जाहीर केलं की ते बहुतांशी खऱ्या पण वेगवेगळ्या घड्याळांच्या भागांतून जुळवलेलं होतं, आणि त्यात कंपनीचेच माजी कर्मचारी सामील होते. ते काही डायव्हिंग घड्याळ नव्हतं आणि प्रश्न नुसत्या ल्यूमचाही नव्हता. पण प्रत्येक भाग खरा असूनही अख्खी वस्तू खोटी असू शकते, हे ह्याहून महागात कुणी शिकलं नसेल.

काट्यांच्या बाबतीत मी जरा सौम्य आहे. काट्यातला लेप पोकळीत ताणून भरलेला असतो. तो म्हातारा झाला की भेगाळतो, कण डायलवर आणि तिथून यंत्रात पडतात. म्हणजे काटे बदलायला खरंखुरं कारण असतं, आणि काट्यांवर काही छापलेलंही नसतं, तेव्हा ते खोटं बोलू शकत नाहीत. खोटं बोलायचं ते विकणाऱ्यालाच बोलावं लागतं. बेझलवरच्या त्या इवल्याशा चमकत्या मोत्याबद्दल तर वाद घालूच नये. तो बाहेर असतो, दाराच्या चौकटीला आपटून निखळून पडतो. पन्नास वर्षांच्या घड्याळावर मूळ मोती असला तर आनंद, नसला तर पुढे चला.

आता घ्यायचंच असेल तर काय बघायचं? एक साधा यूव्ही टॉर्च न्या. ट्रिटियमच्या जुन्या ठिपक्यांवर मारला की ते जरा उजळतात आणि टॉर्च बंद केला की काही सेकंदांत मावळतात. ल्युमिनोव्हा मात्र बराच वेळ चमकत राहतं. डायल आणि काटे एकसारखे मावळतात का तेही बघा. पण हे लक्षात ठेवा की चमक नसणं म्हणजे ओरिजिनल असणं नव्हे. हुशार कारागीर मुद्दाम न चमकणारा लेप वापरतात. मग दहापट भिंग घ्या. ठिपका छापील वर्तुळाच्या बाहेर ओघळलाय का, सगळ्या ठिपक्यांचा पोत सारखा आहे का, मुळाशी खरवडल्याच्या खुणा आहेत का. आणि काही कळलं नाही तर सरळ बिलावर तीन ओळी मागा: डायल, काटे, मोती, प्रत्येकाचा ल्यूम मूळ की नंतरचा. चेहरा बघा विक्रेत्याचा. टॉर्चपेक्षा जास्त कळतं.

सर्व्हिसला देतानाही जॉबकार्डावर आधी लिहून घ्या: डायल व काटे बदलू नयेत, केस पॉलिश करू नये. बदलावेच लागले तर जुने भाग परत मागा, छोट्या पाकिटात घालून. काही ठिकाणी देत नाहीत, मग तिथे द्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

आणि घरात आजोबांचं खूप जुनं, १९६० च्या आधीचं चमकत्या आकड्यांचं घड्याळ निघालं तर हौसेने स्वतः उघडू नका. तो लेप सुकून भुकटी झालेला असतो आणि त्यातलं रेडियम अजून जवळजवळ सगळं शाबूत आहे. घड्याळजीकडे नेलंत तर तो बिचारा सवयीने मागचं झाकण उघडून फुंकर मारेल. त्याने झाकणाला हात लावायच्या आधी त्याला सांगा, "काका, ह्यात खरं रेडियम आहे."